हे तुम्हाला कसं कळलं?



ज्यांच्या स्मरणार्थ आपण आज जमलो आहोत, त्या सरांनी आयुष्यभर इतिहास शिकवला. त्यामुळे कथा-कादंबरीवर बोलायचं नाही, हे मी आधीच ठरवलं होतं. संयोजकांनी विषय सुचवला तो असा: 'माहितीपर लेखन वाचनीय कसं करावं?' विषय मी घेतला, पण त्यामागच्या समजुतीशी माझं भांडण आहे. माहिती ही मुळात कोरडी, बेचव. तिला वरून गोष्टीची फोडणी दिली की वाचक जेवतो, अशी ती समजूत.

या समजुतीतून जे लेख निघतात ते मला चांगले ओळखीचे आहेत. मी दिवाळी अंक काढतो. दर वर्षी माझ्या टेबलावर एक म्हातारी येते. कधी विदर्भातून येते, कधी माणदेशातून. लेखाच्या पहिल्या परिच्छेदात ती डोळ्यांवर आडवा हात धरून आभाळाकडे बघत असते. दुसऱ्या परिच्छेदापासून शासकीय आकडे सुरू होतात आणि म्हातारी गायब होते. शेवटच्या ओळीत ती परत येते, अजून आभाळाकडेच बघत. तिचं शिवार किती, विहिरीला पाणी किती महिने असतं, कर्ज सोसायटीचं की सावकाराचं, मुलगा कुठे असतो, यातलं काही लेखात नसतं. मला शंका येते की लेखक तिला भेटलेलाच नाही. आणि मला जी शंका येते ती वाचकालाही येते. तो बोलून दाखवत नाही, पान उलटतो.

माझं म्हणणं थोडक्यात हे आहे. खऱ्या घटनांवरचं लेखन वाचकाला धरून ठेवतं, ते 'हे तुम्हाला कसं कळलं?' या प्रश्नाचं उत्तर त्या लेखनातच मिळत राहतं म्हणून. कुणी पाहिलं, कुणी ऐकलं, कोणत्या कागदात सापडलं, हे जिथे दिसतं तिथे माहितीचीच गोष्ट होते. जिथे ते झाकलं जातं तिथे कितीही नटवा, लेख निबंध तरी होतो किंवा बनाव तरी.

उदाहरण घरचंच घेऊ. पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे. जन्म १८२७ चा, घरावर कर्ज. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार आहेत, दक्षिणा भरघोस मिळेल, ही बातमी कोकणात पोचली आणि तिशीचे हे भिक्षुक काकांच्या सोबतीने उत्तरेकडे निघाले. साल १८५७. महूच्या वाटेवर शिपायांनी त्यांना सावध केलं, गडबड होणार आहे, माघारी जा. ते गेले नाहीत. पुढे ते झाशीत अडकले, इंग्रज सेनापती ह्यू रोझच्या फौजेचा वेढा त्यांनी शहराच्या आतून पाहिला आणि एप्रिल १८५८ मध्ये शहर पडल्यावर जी कत्तल आणि लूट झाली, तिच्यातून जीव वाचवून बाहेर पडले. दक्षिणेचे पैसे गेले, गंगाजळ तेवढं घरी पोचलं.

भटजी लेखक नव्हते. हे सगळं त्यांनी लिहून काढलं ते पाव शतकानंतर, चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून, आणि आपल्या माघारीच छापावं अशा बोलीवर. राज्य इंग्रजांचं होतं. बंडाच्या दिवसांत आपण झाशीच्या दरबारात वावरत होतो हे छापील कागदावर येऊ देणं सोपं नव्हतं. हे लिखाण 'माझा प्रवास' या नावाने पुस्तकरूपाने आलं १९०७ साली.

त्या पुस्तकात राणी लक्ष्मीबाई आहेत, पण चौकातल्या पुतळ्यावरच्या नाहीत. झाशी सोडून काल्पीकडे जाताना त्या भटजींना पहाटे एका विहिरीपाशी भेटतात. अंगावर पठाणी वेष, सगळ्या धुळीने माखलेल्या, तहानेने व्याकुळ. भटजी पाणी काढायला पुढे होतात तेव्हा त्या त्यांना थांबवतात, तुम्ही विद्वान ब्राह्मण, तुम्ही माझ्यासाठी पाणी काढू नका. आणि स्वतः दोर घेऊन पाणी काढून ओंजळीने पितात. पराभव म्हणजे काय हे सांगायला भटजींना एकही विशेषण लागत नाही. राज्य गेलं तरी शिष्टाचार सुटलेला नाही, एवढं त्या विहिरीवर दिसतं. हे त्यांना कसं कळलं? ते तिथे उभे होते.

लुटीचं वर्णनही असंच. लूट म्हटलं की आपण 'अनन्वित अत्याचार', 'रक्ताचे पाट' असे शब्द काढतो. भटजी क्रम सांगतात. आधी सोनं-रुपं गेलं, मग तांब्या-पितळेची भांडी, मग कपडेलत्ते, धान्य. लूट ही संतापाच्या भरात झालेली नाही, तिला शिस्त होती, वाटे ठरलेले होते, हा निष्कर्ष ते मांडत बसत नाहीत. भांड्यांची पाळी कधी आली हे सांगतात आणि वाचणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. एका सैन्याच्या व्यवस्थेबद्दलची ही सरळ माहिती आहे. तिला वेगळं रंजक करण्याची गरज कुठे पडली?

आता याच पुस्तकाची दुसरी बाजू. बंड का झालं हे सांगताना भटजी कलकत्त्यातल्या एका बैठकीची हकिकत देतात. धर्म बुडवणारी चौऱ्याऐंशी कलमं इंग्रजांनी राजेरजवाड्यांपुढे ठेवली, असं ते लिहितात. ही बाजारातली अफवा. भटजी त्या बैठकीच्या आसपासही नव्हते, आणि ते भाषेतही दिसतं. विहिरीवरचं पाणी ओलं आहे. कलकत्त्याची सभा पोथीतल्यासारखी आहे. पण म्हणून ती पानं टाकाऊ ठरत नाहीत. १८५७ साली रस्त्याने जाणारा माणूस काय खरं मानत होता, याचा तो अस्सल पुरावा आहे. फक्त 'घडलं ते' या सदरात ती घालायची नाहीत, 'लोक म्हणत होते ते' या सदरात घालायची. इतिहास शिकवणाऱ्या सरांना हे मी सांगायची गरज नव्हती. लेखकांना मात्र आजही असते, आणि व्हॉट्सअॅपवर येणारी ऐतिहासिक माहिती वाचताना तर आपल्या सगळ्यांनाच असते.

या पुस्तकाच्या संपादनाचीही एक कहाणी आहे. वैद्यांनी छापताना हस्तलिखितावर बराच हात फिरवला, मजकूर गाळला, भाषा सारखी केली. पुढे दत्तो वामन पोतदारांनी मूळ हस्तलिखितावरून १९६६ साली आवृत्ती काढली, तेव्हा भटजींची स्वतःची बोली आणि त्यांचं स्वतःचं भरकटणं वाचकांना मिळालं. एक संपादक म्हणून मला वैद्यांबद्दल कृतज्ञता आहे. ते मागे लागले नसते तर पुस्तकच झालं नसतं. पण मजकूर घासून गुळगुळीत केला की पाहिलेलं आणि ऐकलेलं यांच्यातला सांधा दिसेनासा होतो, आणि मला तो सांधा हवा असतो.

आता कुणी म्हणेल, भटजी स्वतः प्रसंगात होते. नसलेल्या माणसाने काय करायचं? जॉन हर्सी हा अमेरिकन पत्रकार १९४६ च्या उन्हाळ्यात हिरोशिमाला गेला, तेव्हा बॉम्ब पडून नऊ-दहा महिने झाले होते. बॉम्बची शक्ती, जळालेलं क्षेत्र, मृतांचे अंदाज हे सगळं छापून झालं होतं. हर्सीने बऱ्याच जणांच्या मुलाखती घेतल्या आणि त्यांतली सहा माणसं निवडली: कारखान्यात काम करणारी एक कारकून मुलगी, शिवणकाम करून मुलं वाढवणारी एक विधवा, दोन डॉक्टर, एक जर्मन जेझुइट पाद्री आणि एक जपानी पाद्री. रचना त्याला सुचली थॉर्न्टन वाइल्डरच्या एका कादंबरीवरून. पूल कोसळून मेलेल्या पाच माणसांची ती कादंबरी त्याने प्रवासात, बोटीवर वाचली होती. कादंबरीकडून रचना घ्यायला काहीच हरकत नाही. प्रसंग मात्र तिच्याकडून घ्यायचे नाहीत.

हर्सीच्या लेखात 'मी' जवळपास नाहीच. तरीही त्याला हे कसं कळलं, हा प्रश्न वाचकाला पडत नाही, कारण त्याने स्वतःवर एक कडक बंधन घालून घेतलंय. त्या सहा जणांना त्या क्षणी जेवढं ठाऊक होतं तेवढंच वाचकाला ठाऊक. अणुबॉम्ब हा शब्द त्यांच्यापाशी नव्हता. ज्याला त्याला वाटलं की बॉम्ब आपल्याच घरावर पडला. हळूहळू माणसं बाहेर येतात आणि सगळं शहरच नाही हे त्यांच्या लक्षात येतं. किरणोत्साराने होणारा आजार शास्त्रीय चौकटीत येत नाही. केस गळायला लागतात, जखमा भरून येत नाहीत, डॉक्टर चक्रावतात आणि त्यांच्या मागोमाग वाचक तो आजार शिकतो. सुमारे एकतीस हजार शब्दांचा हा मजकूर 'न्यूयॉर्कर' साप्ताहिक क्रमशः छापणार होतं. संपादकांनी बेत बदलला आणि ३१ ऑगस्ट १९४६ चा जवळजवळ सबंध अंक त्यालाच दिला. आपल्याकडच्या किती संपादकांना हे धाडस होईल, मला माहीत नाही. मला होईल की नाही हेही आधी जाहिरातदारांना विचारून सांगतो.

तपशील कसा निवडायचा याबद्दल एक छोटं उदाहरण. फीचर लेखनासाठीचं पहिलं पुलित्झर १९७९ साली बाल्टिमोरच्या जॉन फ्रँकलिन यांना मिळालं, मेंदूवरच्या एका शस्त्रक्रियेच्या वार्तांकनासाठी. सुरुवातीला सर्जन पहाटे उठतो, बायको त्याला वॉफल वाढते, पण कॉफी देत नाही. कॉफीने त्याचे हात थरथरतात. कामाच्या वेळी या माणसाच्या हाताखाली काय असणार आहे आणि चूक किती लहान असू शकते, ते न्याहारीतच कळलं. म्हातारीचं आभाळाकडे बघणं आणि डॉक्टरचं कॉफी न पिणं यांत फरक एवढाच की पहिलं घरबसल्या लिहिता येतं. दुसऱ्यासाठी विचारावं लागतं, आणि तेही क्षुल्लक वाटणारं. सकाळी काय खाल्लं हे सर्जनला विचारायला लाज वाटता कामा नये. फ्रँकलिन शस्त्रक्रियेच्या यशाची गोष्ट लिहायला गेले होते. रुग्ण दगावली. त्यांनी ती गोष्ट टाकून दिली नाही, जे झालं ते लिहिलं.

आपल्याकडे असं विचारण्यात अनिल अवचटांचा हात धरणारा दुसरा कुणी मला दिसत नाही. शिक्षणाने डॉक्टर, पण पहिलं पुस्तक 'पूर्णिया', १९६९ चं, बिहारच्या दुष्काळी भागातून आलेलं. पुढे हमाल, विडी कामगार, यंत्रमागावरची माणसं, निपाणीच्या तंबाखूच्या वखारींत राबणाऱ्या बाया. अवचटांचं गद्य साधं आहे म्हणतात. मला ते फसवं वाटतं. त्या साधेपणामागे एक पद्धत आहे: आपण अडाणी आहोत असं धरून विचारत जायचं आणि ते विचारणं लेखात राहू द्यायचं. मजुरी कशावर ठरते? हजार विड्यांवर. पान कोण देतं, तंबाखू कोण देतं? मोजताना 'छाट' म्हणून ज्या विड्या बाजूला काढल्या जातात त्यांचे पैसे मिळतात का? नाही. मग त्या विड्या फेकून देतात का? तेही नाही. एवढ्या प्रश्नोत्तरांत धंद्याचा सगळा हिशेब उघडा पडतो. मालकांना शोषक म्हणायचं काम वाचकावर सोडून देता येतं.

अवचटांना नावं ठेवणाऱ्यांचं म्हणणं असतं की त्यांच्या लेखनात विश्लेषण नाही. अंशतः खरं आहे. प्रश्न माणसापाशी येऊन थांबतो, धोरणापर्यंत नेहमी जात नाही. ती वाट पी. साईनाथांनी दाखवली. १९९३ मध्ये मिळालेल्या एका पाठ्यवृत्तीवर ते देशातल्या अतिगरीब जिल्ह्यांत हिंडले आणि १९९६ साली त्यांचं पुस्तक आलं. मराठीत ते 'दुष्काळ आवडे सर्वांना' या नावाने आहे. ओडिशातल्या नुआपाडा भागातली त्यांची एक हकिकत बघा. गरिबांचं उत्पन्न वाढावं म्हणून सरकारने गायी दिल्या. त्यांना जर्सी वळूचं रेतन करायचं ठरलं. संकर बिघडू नये म्हणून त्या टापूतले खरियार जातीचे देशी वळू खच्ची केले. चाऱ्यासाठी जमिनीत सुबाभूळ लावायला सांगितली. दोन वर्षं आणि कोट्यवधी रुपये गेल्यावर वासरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, दूध वाढलं नाही, सुबाभूळ टिकली नाही आणि एक चांगली स्थानिक जात मात्र बुडाली. यात खलनायक नाही. प्रत्येक अधिकाऱ्याने आपापलं काम चोख केलं. इथे योजनेचा कागद आणि गावातला गोठा या दोघांकडची माहिती समोरासमोर उभी राहते आणि लेखकाने मध्ये फारसं बोलायची गरज उरत नाही.

बनवलेल्या गोष्टींबद्दलही बोलायला हवं, कारण त्या जास्त देखण्या असतात. ट्रूमन कपोटीचं 'इन कोल्ड ब्लड' हे पुस्तक १९६६ चं. कॅन्ससमधल्या एका शेतकरी कुटुंबाचा खून आणि त्याचा तपास. शब्द न् शब्द खरा आहे असा कपोटीचा दावा होता. शेवटी तपास अधिकारी दफनभूमीत जातो, तिथे त्याला मेलेल्या मुलीची मैत्रीण भेटते, वारा गव्हातून वाहत असतो. अशी भेट झालीच नव्हती, असं त्या अधिकाऱ्यानेच नंतर सांगितलं. पुस्तक थोरच आहे. पण हे कळल्यावर मी ते पुन्हा वाचलं तेव्हा आधीच्या शेकडो पानांवर, जिथे त्याने खरोखर घाम गाळला होता तिथेही, पेन्सिलीने प्रश्नचिन्हं करत राहिलो. एका सुंदर शेवटासाठी त्याने मोजलेली ही किंमत आहे. जॅनेट कुक यांचं प्रकरण याहून वाईट. १९८० मध्ये 'वॉशिंग्टन पोस्ट'मध्ये त्यांनी हेरॉइनच्या विळख्यातल्या आठ वर्षांच्या एका मुलाची कहाणी लिहिली. शहर हादरलं, पोलीस त्या मुलाला शोधत फिरले. पुढच्या वर्षी त्या कहाणीला पुलित्झर मिळालं आणि लगेच परत करावं लागलं, कारण तो मुलगा अस्तित्वातच नव्हता. त्या शहरात खरी व्यसनी मुलं असणारच. ती शोधायला वेळ लागला असता.

म्हणजे लेखकाने तटस्थ राहायचं का? तसं मला मुळीच म्हणायचं नाही. गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' वाचा. डहाणू-तलासरीच्या वारल्यांमध्ये १९४५ साली उठाव झाला, त्यात त्या स्वतः पुढारी होत्या. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी जन्मभर मालकाच्या घरी राबणारा 'लग्नगडी' त्यांच्यामुळे मराठी वाचकाला माहीत झाला. पुस्तक उघडपणे एका बाजूचं आहे, आणि बाई कुठे उभ्या राहून बोलताहेत हे पहिल्यापासून दिसतं, म्हणूनच ते विश्वासाने वाचता येतं. पक्ष घेतलेला माणूस मला चालतो. पक्ष लपवून 'निरीक्षक' म्हणून हिंडणारा चालत नाही.

राहिला आपल्या आजच्या लेखकांचा प्रश्न. त्या म्हातारीकडे परत जायची त्यांची इच्छा असेल तर वाट फार लांबची नाही. तिचा सातबारा काढा. 'इतर हक्क' या रकान्यात बोजा कुणाचा आहे ते लिहिलेलं असतं. फेरफार काढा, जमीन कधी, कशी वाटली गेली ते कळतं. तिच्या गावाची पैसेवारी विचारा. पैसेवारी, म्हणजे पीक किती आलं याचा सरकारी अंदाज, आधी नजरअंदाज निघते, मग सुधारित, मग अंतिम. ती पन्नास पैशांच्या खाली की वर यावर पिढ्यान् पिढ्या गावांचं नशीब ठरत आलंय. २०१६ नंतर दुष्काळ जाहीर करण्याचे निकष बदलले, तरी गावकऱ्यांच्या तोंडी आजही पैसेवारीच असते. पीककापणीच्या प्रयोगासाठी कुणाच्या शेतातला तुकडा निवडला, त्या दिवशी तिथे कोण हजर होतं, आकडा नजरअंदाजापासून अंतिमपर्यंत येताना कुठे बदलला, याचा माग एका गावात कुणी नीट काढला तर त्याच्यासारखी रहस्यकथा मराठीत दुसरी होणार नाही. तलाठी बोलला नाही तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज आहे, शुल्क दहा रुपये.

अडचण पैशांची आहे, हे मी नाकारत नाही. १९०९ साली 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक निघाला, तेव्हापासून लांब मजकुराला जागा देणारी अशी परंपरा आपल्यापाशी आहे. पण त्या जागेचा उपयोग आपण बहुतेक घरबसल्या लिहिता येईल अशाच मजकुरासाठी करतो, कारण मानधन देतो ते पानांचं, हिंडण्याचं नाही. एका गावात आठ वेळा जायचा एसटीचा खर्च जो लेखक खिशातून करतो, त्याला आणि टेबलावर बसून लिहिणाऱ्याला आम्ही एकच पाकीट देतो. म्हणून इथे बसलेल्या माझ्या संपादक मित्रांना विनंती करतो: येत्या अंकात चार लेख कमी घ्या आणि एका तरी लेखकाला प्रवासखर्च आगाऊ द्या. आणि वाचकांनो, अंक हातात आल्यावर आवडलेल्या लेखाबद्दल आम्हाला पत्र जरूर लिहा. न पटलेल्या लेखाबद्दल मात्र त्याहून आधी लिहा, आणि विचारा, हे तुमच्या लेखकाला कसं कळलं. उत्तर देणं आमच्यावर बंधनकारक आहे.